सुरकुत्यांचे इंजेक्शन : घेण्याआधी, नाकारण्याआधी

गेल्या लग्नसराईत एकाच आठवड्यात आमच्याकडे दोन प्रश्न आले. दोन्ही गोंदिया जिल्ह्यातले, दोन्ही ओळखीच्या घरांतले. विचारणाऱ्यांना ठाऊक नव्हते, पण दोन्ही प्रश्न एकाच औषधाचे होते.

पहिला प्रश्न गोंदिया शहरातल्या एका आपांचा. वय 46, घरीच शिवणकाम करतात. थोरल्या मुलीचा निकाह तीन आठवड्यांवर आलेला. मोबाइलवर एका पार्लरचा निरोप आला होता. येत्या रविवारी बाहेरून "एक्स्पर्ट" येणार, बोटॉक्सचा कॅम्प लागणार, फक्त त्या दिवशी अर्ध्या किमतीत. आपा म्हणाल्या, "दोन भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा पडल्यात. शांत बसले तरी लोक विचारतात, रागावलात का? घेऊ का मी? आणि घेतलं तर गुनाह होईल का?"

दुसरा प्रश्न तिरोडा तालुक्यातल्या एका घरातून आला. अब्बांना दीड वर्षापूर्वी लकवा झाला. चालणे थोडेफार परतले, पण उजव्या हाताची मूठ आवळली ती सुटेना. नखे तळव्यात रुतायची, आत ओल राहून कातडी कुजायची, वास यायचा. दर वजूला सून कोमट पाण्यात त्यांचा हात धरून एकेक बोट सोडवायची आणि अब्बा वेदनेने डोळे मिटायचे. नागपूरच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन सुचवले आणि चिठ्ठीवर नाव लिहून दिले : बोटुलिनम टॉक्सिन. थोरल्या मुलाने ते नाव मोबाइलवर शोधले, तर समोर आले बायकांच्या कपाळांचे फोटो. "हे तर सुरकुत्यांचं बोटॉक्स! मलेशियात हराम ठरवलंय. अब्बांना या वयात असलं काही द्यायचं?" या एका वाक्यावर दोन महिने निर्णय अडून राहिला. अब्बांची मूठ तशीच.

त्या दोन महिन्यांची आम्हांला राहून राहून हळहळ वाटते. म्हणून या औषधाबद्दल जरा सविस्तर लिहितो आहोत.

आधी आजारासाठी, मग चेहऱ्यासाठी

बोटुलिनम हे मुळात विष आहे, आणि माणसाला ठाऊक असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत खराब झालेले सॉसेज खाऊन लोक दगावत होते. युस्टिनस केर्नर नावाच्या डॉक्टरांनी 1820 च्या सुमारास त्या विषबाधेचे बारकाईने वर्णन केले. पापण्या खाली येतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. लॅटिनमध्ये सॉसेजला बोटुलस म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडले. पुढे 1895 मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला आलेल्या वादकांना खारवलेल्या डुकराच्या मांसातून विषबाधा झाली आणि एमिल व्हॅन एर्मेंगेम यांनी त्यामागचा जंतू शोधून काढला.

हे विष नेमके करते काय? मज्जातंतू स्नायूला "आकुंचन पाव" असा निरोप एका रसायनामार्फत देतो. हे औषध त्या रसायनाची वाट अडवते. निरोप पोहोचत नाही, म्हणून स्नायू सैल पडतो. पोटातून शरीरभर पसरले तर जीव जातो. पण अगदी सूक्ष्म मात्रा नेमक्या एका स्नायूत टोचली तर फक्त तोच स्नायू काही महिने विसावतो. हे ओळखले सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञांनी. त्यांना तिरळ्या डोळ्यांवर शस्त्रक्रियेविना उपाय हवा होता. 1989 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठी. सुरकुत्यांचा तिथे उल्लेखही नव्हता.

सुरकुत्या आल्या त्या अपघाताने. कॅनडात जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्यांच्या आजारासाठी हेच इंजेक्शन देत. 1987 च्या सुमारास त्यांच्या एका रुग्ण बाईंनी भुवयांच्या मधेही टोचण्याचा आग्रह धरला, कारण तिथे टोचले की चेहरा निवांत दिसतो असे त्यांच्या लक्षात आले होते. जीन यांचे पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून अभ्यास केला आणि 1992 मध्ये तो छापला. भुवयांमधल्या रेघांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली ती थेट 2002 मध्ये. लकव्यानंतर आवळलेल्या हातासाठी आणि जुनाट अर्धशिशीसाठी 2010 मध्ये मिळाली. मेंदूच्या दुखापतीमुळे पाय ताठरलेल्या लहान मुलांनाही हे औषध देतात. म्हणजे अब्बांना सुचवलेले इंजेक्शन हे "सुरकुत्यांचे इंजेक्शन" नव्हतेच. उलट सुरकुत्यांसाठी आपण आजाऱ्यांचे औषध उसने आणले आहे.

आरशासमोर दोन मिनिटे

आता आपांच्या रेघांकडे वळू. सगळ्या सुरकुत्या एका जातीच्या नसतात. आरशासमोर उभे राहा, कपाळाला आठ्या घाला, मग चेहरा सैल सोडा. आठ्या घातल्यावर दिसणारी आणि सोडल्यावर मिटणारी रेघ स्नायूंची असते. तिच्यावर या इंजेक्शनचा चांगला परिणाम होतो. चेहरा सैल सोडूनही राहणारी रेघ कातडीत मुरलेली असते. ती थोडी फिकी होईल, पुसली जाणार नाही. ओघळलेले गाल, सुटलेली हनुवटी, काळे डाग यांना या इंजेक्शनचा उपयोग नाही. आणि ओठ किंवा गाल भरून आणतात ते फिलर. ते वेगळे औषध आणि त्याचे धोकेही वेगळे. पार्लरच्या जाहिरातीत दोन्ही एकाच ओळीत छापतात, म्हणून हे सांगितले.

मुरलेल्या सुरकुत्यांचे मोठे कारण आपल्या डोक्यावरच आहे : ऊन. भर उन्हात बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या, तेंदूपानाच्या हंगामात जंगल तुडवणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या बायकांचे चेहरे चाळिशीतच पन्नाशीचे दिसतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. चेहऱ्यावर नीट ओढलेला दुपट्टा, छत्री आणि परवडत असेल तर 30 किंवा त्याहून अधिक एसपीएफचे सनस्क्रीन, एवढ्याने पुढची हानी बरीच थांबते. बिडी-सिगारेटच्या धुरानेही कातडी लवकर सुरकुतते. (खर्ऱ्याबद्दल आम्ही इथे बोलत नाही. तोंड उघडेनासे होते ते प्रकरण सुरकुत्यांपेक्षा फार गंभीर आहे.)

आणखी एक कारण आहे, ते आम्हांला आपांच्या घरी बसल्या बसल्या दिसले. त्या सुईत दोरा ओवत होत्या. हात लांब धरून, डोळे बारीक करून, भुवया जवळ आणून. तीन वेळा. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसणे हे जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येते. शिवण, तांदूळ निवडणे, पहाटेची तिलावत, सगळीकडे आपण भुवया ओढून पाहतो आणि नेमका तोच स्नायू दिवसभर राबतो. आम्ही विचारले, "आपा, चष्म्याचा नंबर कधी काढला?" उत्तर आले, "चष्मा म्हातारपणी लावतात." आमचे मत स्पष्ट आहे. भुवयांमधल्या रेघांसाठी कुणी इंजेक्शनचा विचार करत असेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत. निकाब घेणाऱ्या बहिणींनी तर नक्कीच, कारण चेहऱ्याचा उघडा राहणारा भाग तेवढाच आणि ताणही तिथेच.

टोचल्यावर काय होते

हे औषध कुपीत कोरडे असते. त्यात सलाईन मिसळून अतिशय बारीक सुईने टोचतात. भुवयांमधल्या रेघांसाठी बोटॉक्स या ब्रँडची ठरलेली मात्रा 20 युनिट, पाच ठिकाणी. डोळ्यांच्या कडांना दोन्ही बाजूंचे मिळून 24, कपाळासाठी 20. डिस्पोर्टसारख्या दुसऱ्या ब्रँडचे युनिट वेगळे मोजतात, त्यामुळे आकड्याला आकडा लावून भाव जुळवू नये. परिणाम तीन-चार दिवसांनी दिसू लागतो आणि दोन आठवड्यांत पूर्ण होतो. तीन ते चार महिन्यांनी स्नायू पुन्हा जागा होतो आणि रेघ परत येते.

हा शेवटचा मुद्दा जाहिरातीत नसतो. तिन्ही जागा घेतल्या तर एका वेळचे 64 युनिट झाले, आणि वर्षातून तीनदा म्हणजे 192. डॉक्टर एका युनिटचा जो भाव सांगतील त्याला 192 ने गुणा आणि तो आकडा घरातल्या वर्षाच्या खर्चाशेजारी ठेवून पाहा. मुलांच्या शाळेच्या फीशेजारी ठेवलात तर अधिक नीट समजेल. घेतले आणि पुढे सोडून दिले तर चेहरा पूर्वीपेक्षा बिघडत नाही, एवढे मात्र खरे.

किरकोळ त्रास म्हणजे टोचल्या जागी निळेपणा, डोके दुखणे. औषध जरा सरकले तर एका डोळ्याची पापणी खाली येते. ते बहुधा काही आठवड्यांत आपोआप सुटते, पण ते काही आठवडे लग्नाचे असले तर? फार क्वचित औषध दूर पसरून गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतो. हे काही तासांनीच नव्हे, काही आठवड्यांनंतरही होऊ शकते. असे काही जाणवले तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात जावे आणि कोणते इंजेक्शन कधी घेतले ते आधी सांगावे.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी चेहऱ्यासाठी हे घेऊ नये. मायस्थेनियासारखा स्नायू दुबळे करणारा आजार असेल, टोचायच्या जागी पुरळ किंवा जंतुसंसर्ग असेल तरीही नाही. जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविके चालू असतील किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या असतील, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय खुर्चीत बसू नये.

रविवारचा कॅम्प

आम्ही आपांना त्या पार्लरला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. टोचणारे डॉक्टर कोण, त्यांची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय. कुपी कोणत्या ब्रँडची, आणि ती आमच्या समोर उघडणार का. आणि सोमवारी पापणी पडली तर आम्ही कुणाकडे जायचे.

पहिल्याचे उत्तर आले, "मॅडम खूप अनुभवी आहेत." दुसऱ्याचे, "ओरिजिनलच असतं." तिसऱ्याचे उत्तर आलेच नाही.

हे इंजेक्शन देणे हे डॉक्टरचे काम आहे. त्वचारोगात एमडी किंवा डीव्हीडी झालेले, किंवा प्लास्टिक सर्जन. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतो आणि तो मागितल्याने खऱ्या डॉक्टरला राग येत नाही. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपली सुरकुती नेमकी कोणत्या जातीची आणि तिला औषध हवे की नको, एवढे विचारायला तरी त्वचेच्या डॉक्टरला गाठणे अवघड नाही. नागपूरला जायचे ठरवलेत तर दोन आठवड्यांनी दाखवायलाही जावे लागेल हे धरून चाला. रेल्वेने सुमारे 130 किलोमीटर, येऊन-जाऊन दिवस मोडतोच.

कुपी थंड ठेवावी लागते, 2 ते 8 अंश. आपल्याकडचा मे महिना आठवा आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळून आणलेल्या कुपीचा विचार करा. ऊन लागलेले औषध निकामी झाले तर पैसे गेले, एवढ्यावर भागते. नकली निघाले तर भागत नाही. अमेरिकेसारख्या देशात 2024 च्या एप्रिलपर्यंत 11 राज्यांतल्या 22 जणींना नकली किंवा चुकीच्या हातून दिलेल्या इंजेक्शनांचा त्रास झाल्याचे तिथल्या आरोग्य यंत्रणेने जाहीर केले. त्यांतल्या अनेकींनी ते घरात किंवा स्पामध्ये टोचून घेतले होते आणि निम्म्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. अर्ध्या किमतीचे अर्धे कुठून वाचवले, हा प्रश्न विचारायलाच हवा.

हराम की हलाल

आम्ही फतवा देणारे नाही. आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. पण विचारताना प्रश्न पुरा मांडावा, कारण अर्ध्या प्रश्नाला अर्धेच उत्तर मिळते.

मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने 2006 मध्ये सौंदर्यासाठी बोटॉक्स नाजायज ठरवले, हे खरे. त्यामागे औषधात डुकरापासूनचे अंश असल्याची शंका होती, फसवणुकीचा आणि अपायाचा मुद्दाही होता. पण त्याच निर्णयात आजारावर उपचार म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरायला वाट ठेवली होती. ती बाजू मोबाइलवरच्या पुढे ढकललेल्या संदेशातून गळून पडली आणि तिरोड्याच्या अब्बांपर्यंत पोहोचला तो फक्त "हराम" हा शब्द. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने तर नंतर सौंदर्यासाठीही काही अटींवर मुभा दिली. साहित्य पाक असावे, अपाय नसावा, हेतू वाईट नसावा.

साहित्याचे म्हणाल तर बोटॉक्सच्या अमेरिकेतल्या माहितीपत्रकात जंतू वाढवण्याचे माध्यम दुधातल्या प्रथिनांचे, ग्लुकोजचे आणि यीस्टचे असल्याचे लिहिले आहे. शिवाय कुपीत मानवी रक्तातून वेगळे काढलेले अल्ब्युमिन असते. आलिमांना विचारताना हे जरूर सांगावे. प्रत्येक कंपनीचे घटक सारखे नसतात.

उलेमांमधली चर्चा मुख्यतः दोन बाजूंनी फिरते. सूरह निसाच्या 119 व्या आयतीत अल्लाहच्या निर्मितीत बदल करायला लावणाऱ्या सैतानाचा उल्लेख आहे, आणि केवळ सौंदर्यासाठी गोंदवून घेणे, भुवयांचे केस उपटणे, दातांत फटी पाडणे यांची हदीसमध्ये कडक निंदा आहे. दुसऱ्या बाजूला हजरत अरफजा (रजि.) यांची हकीकत आहे. लढाईत त्यांचे नाक कापले गेले, चांदीचे नाक बसवले ते कुजू लागले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवून घ्यायला सांगितले. एरवी पुरुषाला सोने मना, पण इथे गरज होती. अब्बांची मूठ या हकिकतीजवळ उभी आहे, यात आम्हांला तरी शंका वाटत नाही. उपचार करा असे सांगणाऱ्या हदीसमध्येच एका गोष्टीला औषध नाही असेही सांगितले आहे, आणि ती गोष्ट म्हणजे म्हातारपण.

आपांच्या रेघा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहेत. तीन महिन्यांत विरणाऱ्या गोष्टीला निर्मितीत बदल म्हणायचे का, यावर मतभेद आहेत. पिकलेल्या केसांना मेंदी लावायला आपल्याकडे मुभा आहे, हे एक जण सांगेल. वय लपवून स्थळाला फसवणे गैर, हे दुसरा सांगेल, आणि दोघेही बरोबर असतील. एक मात्र बोलून टाकतो. दर महिन्याला पार्लरमध्ये भुवया कोरून घेताना ज्यांना कधी मसला विचारावासा वाटला नाही, त्यांनी दुसरीच्या बोटॉक्सवर कुजबूज करू नये.

आमचा कल विचाराल तर असा आहे. चेहऱ्याच्या ठेवणीमुळे बाई सतत रागीट किंवा रडवेली दिसते आणि ते तिला स्वतःला मनापासून खुपते, रेघ स्नायूची आहे, प्रकृती ठीक आहे, खर्च घराला टोचत नाही आणि आलिमांकडून मनाचे समाधान झाले आहे, तर प्रशिक्षित डॉक्टरकडे जाऊन विचार करावा. सासरच्या टोमण्यासाठी, नवऱ्याने दुसरीचा फोटो दाखवला म्हणून, किंवा वलीम्याच्या अल्बमसाठी घाईने घेऊ नये. पहिल्यांदाच घेत असाल तर लग्नाच्या दोन-तीन महिने आधी, म्हणजे काही बिनसले तर निस्तरायला वेळ राहतो.

नमाजबद्दल आपांनी छान प्रश्न विचारला. टोचल्यावर साधारण चार तास तो भाग चोळू-दाबू नये आणि आडवे होऊ नये असे डॉक्टर सांगतात. मग सजद्याचे काय? सकाळी नऊ-दहाची वेळ घ्यावी. चार तासांनंतरही जोहरचा वक्त शिल्लक असतो. वजूचे पाणी चेहऱ्यावर चालते, फक्त हळुवार फिरवावे. जुम्याच्या दिवशी पुरुषांनी वेळ घेऊ नये. स्नायूत टोचलेल्या सुईने रोजा तुटत नाही असे बहुतेक उलेमा मानतात, पण सुरकुत्यांचे काम रमजाननंतरही होऊ शकते.

आपा रविवारच्या कॅम्पला गेल्या नाहीत. डोळे तपासले, जवळचा नंबर निघाला. लग्न पार पडले. इंजेक्शनचे त्यांनी अजून ठरवलेले नाही. नाही म्हणालेल्या नाहीत, आणि आम्हीही त्यांना नाही म्हणा असे सांगितलेले नाही.

तिरोड्याच्या घरात मुलगा मशिदीच्या इमामसाहेबांकडे डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेला. मूठ, नखे, तळव्याची जखम, सगळे सांगितले. इमामसाहेबांनी विचारले, "मग अजून थांबलात कशासाठी?" नागपूरला इंजेक्शन झाले. हाताच्या स्नायूंत, चेहऱ्याच्या कितीतरी पट मात्रेत. दहा-बारा दिवसांनी बोटे सैल पडू लागली, बरोबरीने रोजचा व्यायाम सुरू झाला. हात कामाचा झालेला नाही, होईल असे डॉक्टरांनीही कधी म्हटले नव्हते. पण तळव्याची जखम भरली, नखे कापता येतात, आणि वजूच्या वेळी सून पाणी ओतते तेव्हा अब्बा स्वतःच हात पुढे करतात. पुढचे इंजेक्शन तीन महिन्यांनी. तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, शेजारी गाडीची वेळ.